जाळ्याची कड

ती आमच्या घरी आली तेव्हा तिने सगळ्यात आधी दारं बघितली. कडेवर धाकटा भाऊ, खांद्याला संस्थेने दिलेली कापडी पिशवी, आणि अंगणात पाय पडल्या पडल्या पोरगी सरळ घरात शिरली ती मागच्या दाराने गोठ्यात निघाली. गोठ्यातून परसातल्या वाडीत, वाडीच्या कुंपणाला फट होती तिथून बाहेर, आणि गल्लीने वळसा घालून पुन्हा अंगणात. आम्ही सगळे ओवाळायचं ताट घेऊन पुढच्या दारात उभे. सासूबाईंच्या हातातलं निरांजन विझायला आलं. परत आल्यावर तिने आमच्यावर एक नजर फिरवली आणि मग कुठे भावाला कडेवरून खाली ठेवलं. सातेक वर्षांची असेल. भाऊ तीनचाही नव्हता.

मी तेव्हा सावली तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझ्या नाकावर राग आहे हे आजूबाजूच्या गावांना ठाऊक होतं. दांडगी दांडगी पोरं माझा चष्मा वर सरकलेला दिसला की गप्प बसत. त्यामुळे दोन लेकरं घरी आणताना मला कसली म्हणून धास्ती वाटली नाही. लग्नाला तप उलटून गेलं होतं, घरात पाळणा हलला नव्हता. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तरी आमच्या धानपट्ट्यात दत्तक म्हणजे भावाचं नाहीतर दिराचं पोर. परकं, तेही संस्थेतलं, तेही जोडीने, हे कुणी ऐकलं नव्हतं. संस्थेच्या बाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. भावंडं स्टेशनावर सापडलेली, मागे कोण आहे त्याचा पत्ता नाही, मुलीला काही आठवत असेल तर ती सांगत नाही. आधी काही महिने तुमच्याकडे राहतील, आम्ही येऊन बघत जाऊ, सगळं ठीक दिसलं तर कोर्टाचं करू. निघताना त्या म्हणाल्या, "मुलगी जरा अवघड आहे." मी म्हटलं, "मीही अवघडच आहे." आपण फार छान बोललो असं मला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मुंग्यांनी सगळं उघडं पाडलं. मुंग्यांची एक रांग माझ्या शाळेच्या चपलेत, एक गोठ्यातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात, एक देवघरामागे. प्रत्येक ठिकाणी भाताचा मुठीत दाबलेला गोळा. काही ओले, काही वाळून खडे झालेले. जेवायला कमी होतं म्हणावं तर तसं नाही. आमच्या घरी काय कमी असलं तर असेल, भात कधी कमी नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "याच्यापरीस घरात उंदीर बरा. तो निदान एका जागी बीळ करते." मी तिला समोर बसवून शाळेतल्या आवाजात विचारलं. तिने माझ्या चष्म्याकडे शांतपणे बघितलं आणि माझ्या हाताला चावली. दात उमटले.

बाहेर मात्र गुळासारखी गोड. सावलीच्या बसस्टँडवर मी तिकिटाच्या रांगेत असताना ती एका अनोळखी बांगड्यावाल्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, "काका, मले तुमच्या घरी नेता का?" कंडक्टरला तेच, जीपवाल्याला तेच, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना तेच. साहेब तर विरघळलेच, मला म्हणाले, किती लाघवी मुलगी आहे हो. त्या लाघवी मुलीने त्याच संध्याकाळी मी शिवलेला नवा फ्रॉक कात्रीने उभा फाडला. मी तिच्या केसांना फणी लावायला गेले की ती भिंतीला पाठ लावायची. सगळ्या जगाच्या मांडीवर बसणाऱ्या पोरीला फक्त माझा हात चालत नव्हता. मला राग यायचा आणि रागाच्या खाली रडू यायचं, पण रडू दाखवायची मला सवय नव्हती.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगते. मी धाकट्याला ताट वाढलं की ती त्याच्या ताटातला पहिला घास उचलायची. रोज, प्रत्येक जेवणाला. स्वतःचं ताट समोर भरलेलं असताना. मी म्हणायची, हावरट आहे नुसती. एके दिवशी माझा नवरा जेवता जेवता म्हणाला, "तू तिचं तोंड पाह्यलं का कधी? ते खाऊन नाई राह्यली. ते चाखून राह्यली." मग मी बघितलं. घास जिभेवर ठेवायची, थांबायची, गिळायची, पुन्हा थांबायची. आणि मग भावाकडे बघून मान हलवायची. तेव्हा कुठे तो खायला लागायचा. इतके दिवस माझ्या समोर हे घडत होतं. त्या दिवशी माझ्या हातातलं वरणाचं भांडं हातातच राहिलं.

दुपारी झोपतानाही ती त्याच्या सदऱ्याचं टोक स्वतःच्या फ्रॉकला गाठ मारून झोपायची. त्याला कुणी उचललं तर हिला कळलं पाहिजे. मी आई व्हायला निघाले होते, आणि आमच्या घरात एक आई आधीच येऊन बसली होती, सात वर्षांची, दुधाचे दात पडत असलेली. हे मला आज लिहिताना सुचतंय असं नाही. तेव्हाही ते मला दिसलं होतं, पण दिसलं म्हणून पोरीचं चावणं थोडंच दुखायचं थांबतं?

मग आषाढी अवस आली, आमच्याकडची जिवती. त्या दिवशी झाडीपट्टीत लेकरांसाठी जिवतीची पूजा होते. लोहार येऊन चौकटीला खिळा ठोकून जातो. आणि वैनगंगेकडचा ढिवर आपलं मासे धरायचं जाळं खांद्यावर घेऊन घरोघर फिरतो आणि घरातल्या लेकरांच्या डोक्यावरून ते जाळं टाकून काढतो. जाळ्यातून निघालेलं लेकरू रोगराईच्या हाती लागत नाही, आणि ते त्या घरचं पक्कं झालं, असा आमच्याकडे समज. त्याबद्दल ढिवराला सूपभर तांदूळ. लेकरं त्याला बघून किंचाळत पळतात, तो मुद्दाम दबा धरून मागून टाकतो, सगळी आळी हसते.

आमच्या घरी लेकरू नव्हतं. म्हणून ढिवरभाऊ दरवर्षी माझ्या नवऱ्यावर जाळं टाकायचा. सासूबाईंचा हट्ट. चाळिशीला टेकलेला, मिशीवाला, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, चिखलाचे पाय घेऊन आलेला माणूस अंगणात पाटावर बसायचा, त्याच्या टकलावर जाळं पडायचं आणि सासूबाई हात जोडायच्या. मी शाळेच्या नावाखाली आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसायची. आणि मग थोडा वेळ तिथेच बसून राहायची.

त्या वर्षी सासूबाईंनी चार दिवस आधीपासून ढिवराला निरोप धाडले होते. पहिला आमच्या घरी ये, म्हणावं, आणि मजबूत जाळं आण, दोन लेकरं हायेत. ब्रह्मपुरीहून माझी मोठी नणंदही आली होती, भाच्याचं कौतुक बघायला. कुणाच्या, माझ्याही, डोक्यात हे आलं नाही की त्या पोरीला आधी सांगावं. इथे जन्मलेल्याला हे सांगायचं नसतंच. जाळं म्हणजे लाड, एवढंच आम्हाला माहीत.

ती अंगणात भावाचं तोंड धूत होती. ढिवरभाऊ मांजराच्या पावलांनी मागून आला आणि त्याने झक्कपैकी जाळं फेकलं. दोघंही एका फेकीत आत. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढचं मी कधी विसरणार नाही. ती ओरडली नाही. तोंडातून आवाज नाही, नुसते हात, पाय आणि दात. लोखंडी गोळ्या लावलेलं जाळं तिने दातांनी फाडलं. सोडवायला वाकलेल्या ढिवरभाऊच्या मनगटाचा तिने लचका काढला. भावाला ओढून पाठीवर घेतलं आणि कुंपणाच्या त्या फटीतून, पहिल्या दिवशी बघून ठेवलेल्या, ती बाहेर पडली. धानाची रोवणी चालू होती. बांध्या, म्हणजे धानाची वावरं, पाण्याने भरलेल्या. पोरगी गुडघाभर चिखलात भावाला पाठीवर घेऊन बांधीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चारी बाजूंना पाणी, कुणीही आलं तर लांबून दिसेल. रोवणीच्या बाया हातात पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या धरून थिजल्यासारख्या बघत राहिल्या.

मी धावत निघाले तर नवऱ्याने अडवलं. तो एकटा गेला, धुऱ्यावर तिच्याकडे पाठ करून बसला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागला. बोलला नाही, वळून बघितलं नाही. दुपार कलली. धाकटा भुकेने रडायला लागला तेव्हा ती आपण होऊन बाहेर आली आणि त्याच्यापासून दोन हात लांबून चालत घरी आली. तिला काय आठवलं होतं, कुणी कधी काय टाकून धरलं होतं, हे आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं.

फाटकं जाळं ढिवरभाऊने मुकाट्याने गुंडाळून नेलं. जिवतीला जाळं फाटणं म्हणजे फार वाईट, असं आळीभर झालं. सासूबाई देवापुढे बसल्या त्या उठेनात. आणि चुलीपाशी नणंदेने मला जे सांगायचं ते सांगितलं, "अवो, पोट्टा ठेव. गोड हाये, लहान हाये, तुलेच माय समजन. पोट्टीले वापस कर. आता संस्थेची बाई येईन तं सांगून दे, नाई जमत म्हण. हे पोट्टी तुह्यं घर मोडन." हातावर दातांचे वण होते, ढिवरभाऊच्या मनगटाचं रक्त अंगणात होतं. संस्थेच्या बाई पुढच्याच आठवड्यात येणार होत्या आणि त्या विचारणारच होत्या. मी चुलीत लाकूड सारत बसले. गोठ्याकडच्या दारामागे पैंजण वाजल्यासारखं झालं, पण तिच्या पायात पैंजण नव्हते. बादलीची कडी असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ती ओट्यावर. आंघोळ केलेली, केस पाण्याने चोपून स्वतःच विंचरलेले, भांग वाकडा. खांद्याला कापडी पिशवी. मांडीवर भाऊ.

"बाई, मी जाऊन राह्यली."

"कुठी?"

"संस्थेत. तुमी फोन करून द्या. याले ठेवा. हा चांगला हाये. हा चावत नाई."

मी काही बोलायच्या आत ती पुढे सांगू लागली. माझ्याकडे न बघता, घाईने, मध्ये मध्ये थांबून आठवत. "भात फुकून देजा. जीभ भाजली तरी तो सांगत नाई, तसाच खाते. दूध पेत नाई. चहाचे थेंब टाकले का पेते. झोपताना त्याले कान धरू देजा, तुमचा धरन, थोडं दुखते. कोनी मोठ्यानं बोललं का चड्डीत करते, तवा मारू नोका, धुऊन देजा." मग तिने भावाच्या सदऱ्याचं टोक सरळ केलं. "मी गेल्यावर रडन. तं म्हणजा, पानी आणाले गेली. रोज तेच म्हणजा. मंग इसरते तो. मायच्या वक्ती बी मी तेच म्हणलं होतं. इसरला."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. शाळेची घंटा ऐकू आली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती ऐकून उठले नाही. माझ्या समोर बसलेलं ते माणूस किती मोठं होतं ते मला मोजता येईना. आमच्या आळीतल्या बाया, माझी सासू, मी, सगळ्या लेकरू मिळावं म्हणून नवस बोलणाऱ्या. आणि ही आपलं लेकरू दुसरीच्या पदरात घालत होती, त्याच्या भाताच्या वाफेसकट, आणि तिला स्वतःसाठी काही नको होतं. एवढं तिला कुणी शिकवलं? शिकवायला होतं कोण? मला हात जोडावेसे वाटले. खरंच सांगते, लाज वाटली नसती तर जोडले असते.

तिला जवळ घेण्यात अर्थ नव्हता, पुन्हा चावली असती. मी म्हटलं, "एवढं सारं माह्या ध्यानात नाई राहत. चहाचे किती थेंब? कोनता कान? तू इथीच राहा आणि मले सांगत जा."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "किती दिस?"

"तो मोठा होतवर."

ती हिशेब करत होती. "मंग तं लय दिस राहाव लागन."

"हाव. लागन."

तिने पिशवी खांद्यावरून काढली आणि मागच्या दाराच्या खुंटीला टांगली. भरलेलीच.

त्याच दुपारी मी नणंदेला सांगितलं, "परत करायला ती काय ब्लाउजपीस आहे, रंग आवडला नाही म्हणून?" ती फणकारून दुपारच्या जीपने ब्रह्मपुरीला गेली. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाई आल्या तेव्हा आमच्या कन्येने त्यांना पाणी दिलं, त्यांच्या मांडीवर बसली, गाणं म्हटलं. बाई खूश. मी हाताचे वण पदराखाली झाकून म्हटलं, दोघंही राहतील. बाईंनी पाठ फिरवली आणि कन्येने माझा चष्मा विहिरीत टाकला.

तुम्हाला वाटेल, त्या सकाळनंतर सगळं सुरळीत झालं असेल. कशाचं काय. उलट चेव आला. राहा म्हणते म्हणजे खरंच म्हणते का, हे तिने खिळा ठोकून बघावं तसं रोज ठोकून बघितलं. रेडिओ फोडला. म्हशीचं दावं कापलं. एखादा दिवस चांगला गेला, ती हसली, की मी मनातून घाबरायची, कारण दुसऱ्या दिवशी काहीतरी फुटणार हे ठरलेलं. मी ओरडायची. मग धाकटा चड्डीत करायचा आणि ती मला म्हणायची, "म्हणलं होतं ना." मी धुऊन काढायची. माझा आवाज त्या घरात हळूहळू उतरला तो त्या चड्ड्यांमुळे. वर्गातल्या पोरांनाही त्याचा फायदा झाला.

भाताच्या गोळ्यांवर उपाय सासूबाईंनी काढला. पोरीचा हात पोचेल अशा फळीवर त्यांनी झाकणाचा एक डबा ठेवला, मुरमुरे आणि गुळाचे खडे भरून. "हा तुहा. याले कोनी हात लावणार नाई. सरला का मी भरन." पोरगी तो रोज रिकामा करायची. खाऊन नव्हे, कुठे कुठे लपवून. सासूबाई रोज सकाळी बडबडत, दैवाला बोल लावत भरायच्या. न भरता एक दिवस गेला नाही. मधल्या काळात कोर्टाचा कागद झाला. कागदात आम्ही आई-वडील झालो. घरी आल्यावर ती मला बाईच म्हणत होती, आणि डबा रिकामाच होत होता.

पुढची जिवती आली तेव्हा ढिवरभाऊ आमच्या कुंपणापाशीच थांबला. मनगटावर पांढरा वण. म्हणाला, "पयले पोट्टीले ईचारा बाई. मी येऊ का नोको." ती ओट्यावरून उतरली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. जाळं मागितलं. त्याने जमिनीवर पसरलं. तिने एकेक घर बोटाने ताणून बघितलं, गोळ्या उचलून बघितल्या, मागच्या वर्षीची शिवण सापडली तिथे थोडा वेळ बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा आत बसन. कड मी धरन. मी उचलली का निंगलं पाह्यजे."

ढिवरभाऊने मान डोलावली. धाकटा पाटावर बसला. जाळं फेकलं नाही, हळूच पांघरलं, आणि ती बाहेर उकिडवी बसून दोन्ही मुठींत कड धरून होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. लगेच उचलली. धाकटा हसत बाहेर आला, म्हणाला, आणखी. सासूबाईंनी विचारलं, "आन तू वं?"

"मी मोठी हाओ," ती म्हणाली. "मी बाहेर पाह्यजे."

कुणी आग्रह केला नाही. तांदूळ घेऊन ढिवरभाऊ गेला. मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं आणि ते फार पातळ झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शाळेतून आले तर सासूबाई ओट्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या, डोळ्यांना धार. त्यांनी डबा माझ्यापुढे केला. "खाऊन पाह्य." मी चार मुरमुरे तोंडात टाकले. सादळलेले, चामट, गुळाला पाणी सुटलेलं. किती दिवस कुणी हातच लावला नव्हता. ते माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग मीही त्यांच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी सासू-सुना ते सादळलेले मुरमुरे प्रसादासारखे खात राहिलो. धान घरात आलं तेव्हा नाही, पगार वाढला तेव्हा नाही, कधीच मला इतकं भरून पावल्यासारखं झालं नव्हतं. पोरगी वाडीत आंब्यावर होती. खाली बघून ओरडली, "माहे मुरमुरे काऊन खाऊन राह्यले?" सासूबाई म्हणाल्या, "जुने झाले म्हून. नवे भरतो." ती म्हणाली, "बरं," आणि आणखी वर चढली.

पण फणी अजून नको होती. भावाच्या ताटातला घास कधी चाखायची, कधी विसरायची. पिशवी अजून खुंटीला होती. आणि मी बाईच होते. मी आता त्याची वाट बघायचंही सोडलं होतं. दोन वर्षं राबून एवढं मिळालं तर एवढं, असं धरून चालले होते.

मग तिसरी जिवती. सकाळपासून भुरभुर चालू होती. ढिवरभाऊ इरलं घेऊन आला, आता तो थेट अंगणात यायचा. धाकटा स्वतःच पाटावर जाऊन बसला. तिने कड धरली, जाळं पडलं, तिने उचललं, तो आरडाओरडा करत सुटला. झालं म्हणून सासूबाई सूप घेऊन पुढे आल्या. ढिवरभाऊ जाळं आवरायला वाकला.

"थांबा," ती म्हणाली.

तिने जाळ्याची कड हातातून सोडली नव्हती. तशीच ती जाळं ओढत माझ्याकडे आली. मी दारात उभी, हात पिठाचे. तिने माझा उजवा हात मनगटाशी धरला. तिने आपण होऊन मला धरलं होतं, दातांनी नाही. तिने कड माझ्या मुठीत दिली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"असं धरा. ढिल्लं नाई. मी म्हणलं का उचला. पटकन उचलाचं. दुसरीकडं पाहाचं नाई."

"नाई पाहत," मी म्हटलं.

ती पाटावर जाऊन बसली. आता तिचे पाय पाटाबाहेर येत होते. ढिवरभाऊने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने जाळं तिच्या अंगावर हळूच सोडलं. ओलं, नदीच्या वासाचं. ती आकसली. खांदे कानांपर्यंत गेले, दोन्ही मुठी आवळल्या. डोळे मिटले नाहीत. जाळ्याच्या घरांतून ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मुठीकडे. माझा नवरा धुऱ्यावरून येऊन कुंपणापाशी थबकला होता. मी अशी उभी होते की श्वास घेतला तर कड हलेल.

"उचलू?" मी विचारलं.

"मी म्हणलं का."

भुरभुर चालूच होती. जाळ्यावर बारीक थेंब बसले. तिचे खांदे कधी खाली आले ते मला दिसलं नाही, दिसलं तेव्हा ते खाली होते. मुठी उघडल्या होत्या आणि ती एका बोटाने आतून जाळ्याचे थेंब टिपत होती. माझ्या मुठीकडे बघायचं ती विसरली होती. ढिवरभाऊला अजून अख्खी आळी करायची होती. तो खाकरला, म्हणाला, "बाई, होऊ द्या ना आता." सासूबाईंनी त्याला डोळे वटारून गप्प केलं आणि त्याच्यासाठीच्या सुपात आणखी तांदूळ ओतले.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"हात दुखून राह्यला का?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग धरा आणखी."